कर भरतो, वजनकाटा तपासून घेतो. मग पाटीवरची अक्षरंही सरकारच मोजणार का?

वडगावचा दुकानदार

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलाय, खरं वर्षभर मनात घोळतोय म्हणून सगळाच लिहितो.

बेळगावात वडगावला आमचं किराणा दुकान आहे. याच जागेत पूर्वी आप्पांचे दोन माग होते. माग बंद पडले तेव्हा दुकान घातलं. घरपट्टी, परवान्याची फी, जीएसटी सगळं वेळेवर भरतो आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. आई तीन आठवडे सरकारी दवाखान्यात होती, तेव्हा हे पैसे कुठं जातात ते मी डोळ्यांनी बघितलंय.

गेल्या मार्चात एका कार्यालयाचा कागद आला, सगळा कन्नडमध्ये. आप्पा गिऱ्हाइकाशी कन्नड फर्डं बोलतात, खरं वाचता येत नाही. त्यांना त्यातला ७ चा आकडा तेवढा कळला. सात तारखेपर्यंत भरायचं म्हणून त्यांनी कागद गल्ल्यात ठेवला. आठवीतल्या लेकीनं शाळेतून आल्यावर बोट ठेवून वाचला, तेव्हा कळलं की ते 'सात दिवसांच्या आत' होतं, आणि ते दिवस संपून गेले होते. दंड दोनशेच रुपये. त्या रात्री आप्पा जेवले नाहीत. चाळीस वर्षांत त्यांचा एकही पैसा कधी थकला नव्हता.

दुसरी गोष्ट पाटीची. आमची जुनी पाटी दहा बाय तीन, पत्र्याची. वर आजीचं नाव मराठीत, खाली तेच कन्नडमध्ये. कन्नड अक्षरं आम्ही आमच्या मनानं घातली होती, कारण निम्मी गिऱ्हाइकं कन्नड आहेत. आता नवी करायला पेंटर बोलावला. तो म्हणाला, "मामा, आता कर्नाटक सरकारच्या नियमानं तीस फुटातले अठरा फूट कन्नड, आणि तेही वर. उरलेल्या बारात मराठी, इंग्रजी काय ते बसवा." त्यानं जुन्या पाटीवर खडूनं रेघ मारून दाखवली. रेघ आजीच्या नावावरून गेली.

माझा प्रश्न असा. वजनकाट्यावर मी दरवर्षी शिक्का मारून घेतो, कारण काटा खोटा असला तर गिऱ्हाईक लुबाडलं जातं. भेसळ तपासायला माणूस आला तर डबा उघडून देतो. तिथं सरकार हवंच. खरं माझ्या पाटीवरच्या मराठीनं कुणाचं काय नुकसान होतं? सरकारनं कुठवर यावं, याला काही हद्द आहे की नाही?

टिळकवाडीचा हिशेबनीस

आधी एक फरक लक्षात घ्या. घरपट्टी आणि जीएसटी हे कर, परवान्याचे पैसे ही फी. फी घेतली तर तिच्या मोबदल्यात काही सेवा किंवा देखरेख दिसली पाहिजे. कराच्या बदल्यात तुम्हाला अमुक मिळालंच पाहिजे असं नसतं, तो सगळ्यांसाठी घेतलेला असतो. दोन्हींच्या मागे कायदा मात्र लागतो. घटनेचं २६५वं कलम एका ओळीचं आहे: कायद्याच्या अधिकाराशिवाय कर बसवता येत नाही आणि वसूलही करता येत नाही.

हद्दीचं म्हणाल तर जुलै २०२५ आठवा. यूपीआयवर जमा झालेल्या रकमा बघून राज्याच्या वाणिज्य कर खात्यानं छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा धाडल्या. आमच्या गल्लीतला दूधवाला नोटीस न येताच घाबरला आणि क्यूआरचा स्टिकर खरवडून काढला. ताज्या दुधाला जीएसटीच नाही! नुसता माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. त्याच्या वर गेलात तरी दीड कोटीपर्यंत कंपोझिशन, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना, घेऊन विक्रीच्या १ टक्क्यात सुटता येतं. हे कुणी त्याला समजेल असं सांगितलं नव्हतं. बहिणीनं पाठवलेले पैसे आणि दुधाचे पैसे एकाच खात्यात, म्हणून तो रात्रभर जागा. विक्रीचा हिशेब मागायचा सरकारला हक्क आहे. खात्यात आलेला प्रत्येक रुपया म्हणजे विक्री, असं धरून चालायचा नाही.

येळ्ळूरचा शेतकरी

पाटी परत रंगवता येते. जमीन रस्त्यात गेली की गेली. १९७८ साली घटना बदलली आणि मालमत्ता मूलभूत हक्कातून निघाली. आता ३००अ कलमात कायद्यानं घ्या एवढंच उरलंय. हद्द शोधायची तर तिथून शोधा.

खानापूरच्या निवृत्त बाई

दुकानदार दादा, तुमच्या आप्पांचं वाचून वाईट वाटलं. दोन गोष्टी सांगते, उपयोग होईल.

घटनेच्या ३५०व्या कलमाप्रमाणे तक्रारीचा अर्ज राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतो. मराठीत लिहा आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशपातळीवर ठरलेल्या संरक्षणांतही आहे की जिल्ह्यात किंवा तालुक्यात १५ टक्के लोक एखादी भाषा बोलत असतील, तर महत्त्वाचे नियम आणि नोटिसा त्या भाषेतही काढाव्यात. आपल्या खानापुरात मराठी किती बोलतात ते मी सांगायला नको.

खरं दादा, स्वातंत्र्य मागायचं तर पुरतं मागावं लागतं. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं कर्नाटकाच्याच खटल्यात निकाल दिला की प्राथमिक शाळेत मातृभाषेच्या माध्यमाचीसुद्धा सक्ती सरकार करू शकत नाही. मी तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं. माझ्या वर्गातली पोरं एकेक करून इंग्रजीत गेली. जीव तुटला, तरी निकाल मला बरोबर वाटतो. मूल आईबापाचं आहे.

कागलकर

बाईंना धरूनच एक विचारतो. महाराष्ट्रात २०२२ पासून सगळ्या दुकानांना मराठी पाटी सक्तीची आहे. आधी दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना सूट होती, तीही काढली. दुसऱ्या लिपीपेक्षा मराठी अक्षर लहान चालत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं मुंबईच्या दुकानदारांना पाट्या लावायला दोन महिन्यांची मुदत दिली. जतला, अक्कलकोटला कन्नड माणसं दुकानं चालवतात. त्यांच्या पाटीसाठी तुम्ही हाच प्रश्न विचाराल का?

वडगावचा दुकानदार

विचारतो. तुमचं वाचून दोन दिवस गप्प होतो, कारण तिकडची पाटी मला आजवर खटकली नव्हती. आता खटकते. अक्कलकोटच्या माणसाची आजीही आजीच.

सरकारनं माझ्याकडून कायद्यानं पैसे घ्यावेत, मी देईन. खरं ज्याच्याकडून घेता त्याला कळेल अशा भाषेत मागा.

बाई, काल अर्ज दिला, मराठीत. मागणी एवढीच की नोटिशीखाली चार ओळी मराठीत द्या. खिडकीवरच्या मुलीनं अर्ज उलटसुलट बघितला, आत जाऊन आली आणि शिक्का मारला. पोच आप्पांनी स्वतः घडी करून गल्ल्यात ठेवलीय.

पाटीला नियमाप्रमाणे अठरा फूट कन्नड देतोय. जुना पत्रा आत, तेलाच्या डब्यांच्या वर ठोकलाय.

कागलकर, जत-अक्कलकोटकडचा कुणी कन्नड दुकानदार ओळखीचा असेल तर नंबर मिळवून द्या. एकच निवेदन दोघांच्या सहीनं दोन्ही सरकारांना धाडू. कन्नड मजकूर लेक लिहील म्हणालीय.