लॅरी ॲलन यांची ज्युनिअर कॉलेजपासूनची वाटचाल आणि लाइनमनचे खेळानंतरचे आयुष्य

प्रश्न (प्लेनोनिवासी):
नमस्कार. आमचा मुलगा डॅलसजवळच्या एका हायस्कूलमध्ये बारावीत असून शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात गार्ड, म्हणजे पुढच्या फळीतला एक लाइनमन, म्हणून खेळतो. खेळ उत्तम आहे, पण गुण बेताचेच असल्याने मोठ्या विद्यापीठांकडून विचारणा झालेली नाही. त्यामुळे प्रशिक्षकांनी ज्युनिअर कॉलेजचा, म्हणजे बारावीनंतरच्या दोन वर्षांच्या महाविद्यालयाचा, मार्ग सुचवला आहे. या संदर्भात प्रत्येक जण डॅलस काउबॉइज या व्यावसायिक संघाचे नामवंत लाइनमन लॅरी ॲलन यांचे नाव घेतो. त्यांची वाटचाल नेमकी कशी झाली, आणि खेळ सुटल्यावर लाइनमनचे पुढे काय होते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (काउबॉइज-चाहता):
ॲलन लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमध्ये वाढले आणि चार वेगवेगळ्या हायस्कूलमध्ये शिकले. शिक्षणाची घडी कधी नीट बसलीच नाही. उत्तर कॅलिफोर्नियातील ब्यूट कॉलेजात ते दोन वर्षे खेळले, परंतु अभ्यासक्रम अपुरा राहिल्याने महाविद्यालयीन खेळातील पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या, श्रेणीच्या विद्यापीठांचे दरवाजे त्यांना बंद झाले आणि अखेर दुसऱ्या श्रेणीतील सोनोमा स्टेटने त्यांना घेतले. तिथून १९९४ मध्ये डॅलस काउबॉइजने व्यावसायिक संघांच्या वार्षिक खेळाडू-निवडीत (ड्राफ्ट) त्यांची दुसऱ्या फेरीत निवड केली. त्या विद्यापीठातून निवडले गेलेले ते पहिलेच खेळाडू.

त्याच वर्षीच्या डिसेंबरमधील न्यू ऑर्लिन्सविरुद्धचा सामना मिळाला तर मुलाला अवश्य दाखवा. काउबॉइजचे क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारे मुख्य खेळाडू) ट्रॉय एकमन यांचा पास मध्येच झेलून न्यू ऑर्लिन्सचा डॅरियन कॉनर हा लाइनबॅकर (बचावपटू) मोकळ्या मैदानातून धावत सुटला होता, आणि सुमारे १४७ किलो वजनाच्या ॲलन यांनी मागून धावत जाऊन त्याला गोलरेषेपूर्वीच पाडले. लाइनमनच्या हाती चेंडू क्वचितच येतो. समोरच्याला ढकलून मागच्या धावपटूला वाट करून देणे हेच त्याचे काम असल्याने त्याचे कौशल्य सहसा कुणाच्या नजरेत भरत नाही. त्या दिवशी मात्र ते साऱ्या देशाने पाहिले. पुढे प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी ११ वेळा निवड, १९९५ च्या हंगामातील सुपर बोल (अंतिम सामना) विजेतेपद आणि २०१३ मध्ये हॉल ऑफ फेम या सन्मानदालनात स्थान, असा सन्मान त्यांच्या वाट्याला आला.

निवृत्तीनंतर ते उत्तर कॅलिफोर्नियात कुटुंबासह प्रसिद्धीपासून दूर राहिले. त्यांचा मुलगाही ऑफेन्सिव्ह लाइनमध्येच खेळला, आणि तोही हार्वर्डकडून! २०२४ च्या जूनमध्ये कुटुंबासोबत मेक्सिकोत सुटीवर असताना वयाच्या ५२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा आम्हा जुन्या चाहत्यांना घरचे माणूस गेल्यासारखे वाटले.

उत्तर २ (कॅन्ससची शिक्षिका):
मी एका दोन वर्षांच्या महाविद्यालयात शिकवते आणि लाइनमन माझ्या वर्गात नेहमी असतात. ॲलन यांच्या उदाहरणातून ‘गुण नसले तरी चालते’ असा अर्थ कृपया काढू नका. एवढी असामान्य ताकद असूनही त्यांना अभ्यासापायी आडवाट धरावी लागली, हे मुलाला स्पष्टपणे सांगा. हायस्कूलमध्ये पात्रता पूर्ण न झालेल्या विद्यार्थ्याला पुढे पहिल्या श्रेणीत जायचे असेल, तर दोन वर्षांची पदवी, पुढच्या विद्यापीठात ग्राह्य धरली जाणारी क्रेडिट्स (पूर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक) आणि ४ पैकी किमान २.५ ची सरासरी लागते. क्रेडिट्स भरपूर असूनही त्यांतील निम्मी दुसरीकडे ग्राह्य न धरली गेल्याने अडकलेली मुले पाहिली की मन कळवळते. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वीच तेथील समुपदेशकाकडून विषयांची यादी लेखी घ्या. व्यावसायिक संघापर्यंत फार थोडे पोहोचतात. बाकीच्यांना नोकरी मिळवून देते ती पदवीच.

उत्तर ३ (फिजिओ, ह्यूस्टन):
शरीराचा प्रश्न कुणी मांडला नाही, म्हणून लिहितो. लाइनमनला वजन टिकवण्यासाठी भूक नसतानाही खावे लागते. खेळ थांबल्यावर ही सवय तशीच राहिली, तर गुडघे, रक्तदाब आणि झोपेतील श्वसन या तिन्हींवर ताण येतो. क्लीव्हलँडच्या व्यावसायिक संघाचे लाइनमन जो थॉमस यांनी २०१८ मध्ये निवृत्त झाल्यावर सुमारे ५० पौंड वजन उतरवले. व्यावसायिक खेळाडूच्या मागे तज्ज्ञ असतात. ज्युनिअर कॉलेजातून बाहेर पडलेल्या विशीतल्या मुलाच्या मागे सहसा कुणी नसते, म्हणून घरच्यांनीच लक्ष घालावे. शेवटचा सामना झाला की त्याच महिन्यात रक्ततपासणी करून आहारतज्ज्ञाला भेटावे, आणि डोक्याला मार लागल्याच्या प्रत्येक प्रसंगाची नोंद आतापासूनच ठेवावी.