जनरल अरुणकुमार वैद्यांना दोन महावीरचक्रं कशी?

वाचनकट्टा_कोथरूड: १० ऑगस्टला सोसायटीच्या कट्ट्यावर जनरल वैद्यांवर दहा मिनिटं बोलायचंय. जन्म अलिबागचा, १९२६, १९८३ ते ८६ लष्करप्रमुख, निवृत्तीनंतर पुण्यात. इथपर्यंत जमलं. पण 'महावीरचक्र आणि बार' म्हणजे काय? सैन्यातलं कुणी असेल तर सोपं करून सांगा.

रिसालदार_घोरपडी: ताई, बार म्हणजे तेच पदक दुसऱ्यांदा. वेगळं पदक मिळत नाही, पहिल्याच्याच फितीवर पट्टी चढते. माझी २४ वर्षं रणगाड्यांवर गेली. ६५ च्या युद्धावेळी मी शाळेत होतो, म्हणून पुढे नगरला रणगाड्यांच्या प्रशिक्षणात उस्तादांकडून शिकलो ते सांगतो.

पहिलं चक्र असल उत्तरच्या लढाईचं. असल उत्तर हे पंजाबात, खेमकरणजवळचं गाव. साहेब तेव्हा लेफ्टनंट कर्नल, डेक्कन हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे कमांडिंग ऑफिसर. हाताशी शेरमन रणगाडे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला माल. समोर पाकिस्तानचे अमेरिकी बनावटीचे पॅटन रणगाडे, चाळीस टनांच्या वरचं धूड. तोंडासमोर उभं राहून आपला निभाव लागला नसता. म्हणून घोड्याच्या नालेसारखी मांडणी केली, रणगाडे उसात दडवले आणि शेतांत पाणी सोडलं. पॅटन आत शिरले नि रुतले. रुतलेला रणगाडा वळायला धडपडतो आणि कूस दाखवतो. कुशीचा पत्रा पातळ. ८ ते १० सप्टेंबर १९६५, तीन दिवस. नंतर ते पॅटन भिखीविंडला ओळीनं उभे केले, त्या जागेला लोक पॅटननगर म्हणायचे. पावसाळ्यात ज्याचा ट्रॅक्टर रुतलाय, त्याला ही लढाई लगेच कळते!

१९७१ ला सगळं उलटं. साहेब ब्रिगेडियर, पाकिस्तानातल्या शकरगड भागात १६ स्वतंत्र आर्मर्ड (रणगाड्यांची) ब्रिगेड त्यांच्याकडे. आता पुढे आपण जायचं, आणि जमिनीत सुरुंग. बसंतर नदीपाशी सुरुंगांतून काढलेल्या अरुंद वाटेनं रणगाडे पलीकडे नेले, त्यात दुसरं चक्र. पूना हॉर्स त्यांच्याच ब्रिगेडमध्ये. त्याच रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबरला तिथं धारातीर्थी पडले, वय २१. परमवीरचक्र. (रेजिमेंटचं नाव पुण्याचं, पण किती पुणेकरांना माहीत आहे, विचारा कट्ट्यावर.)

पेठेतला_वाचक: नुसते रणगाडे नकोत. १९८३ ला जनरल सिन्हा ज्येष्ठ असताना वैद्यांना नेमलं, सिन्हांनी राजीनामा दिला. ८४ ला ब्लू स्टार, म्हणजे सुवर्णमंदिरातली लष्करी कारवाई, झालं ते वैद्य प्रमुख असताना, आणि त्याचाच सूड म्हणून पुण्यात त्यांची हत्या झाली. हे गाळलंत तर भाषण अर्धवट.

रिसालदार_घोरपडी: गाळा कोण म्हणतंय? फक्त दहातली आठ मिनिटं त्यालाच देऊ नका, इतकंच.

कॅम्पातला: हत्या झाली तो रविवार होता. मी नववीत, मामाकडे. साहेब खरेदी करून घरी निघालेले, मारुती स्वतः चालवत होते, शेजारी त्यांच्या पत्नी. निवृत्तीला जेमतेम सहा महिने झालेले. संध्याकाळी मामानं मला सायकल बाहेर काढू दिली नाही, एवढं पक्कं आठवतं.

वाचनकट्टा_कोथरूड: चिखलापासूनच सुरुवात करते. फळ्यावर नाल काढली तर चालेल?

रिसालदार_घोरपडी: काढा की. उघडी बाजू मात्र खेमकरणकडे ठेवा, नाहीतर पॅटन आत येणार कुठून?