अनुभव धागा : निकाल विरोधात गेल्यावर अपिलासाठी वकील कसा शोधलात?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या ज्यांच्यावर ही वेळ आली, त्यांनी लिहावं. दिवाणी निकालावर जिल्हा कोर्टात अपिलाला 30 दिवस, हायकोर्टात 90. तेवढ्यात कन्नड निकाल समजून घ्यायचा आणि वकीलही गाठायचा. नावं, नंबर नकोत. विश्वास कशावरून बसला ते सांगा.

खानापूर तालुका :
आमचा वाटणीचा दावा. निकाल लागला त्याच दिवशी बाबांनी सही-शिक्क्याच्या नकलेसाठी अर्ज टाकला. धारवाडला, जिथं आपल्याकडचं हायकोर्टाचं खंडपीठ आहे, एका वकिलांनी पानं न उलटताच "स्टे आणून देतो" म्हणत फी सांगितली. तिथून उठलो. दुसऱ्या वकीलबाईंनी आधी नकलेवरचा शिक्का बघितला : अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली. ते दिवस मुदतीतून वगळतात, म्हणून शेवटची तारीख काढून फाईलवर लिहिली. मग निकाल वाचत गेल्या आणि एका जागी थांबल्या. "तुमचं मोडीतलं खरेदीखत पुराव्यात आहे, पण निकालात त्यावर एक ओळ नाही. सोबत लिप्यंतर दिलं होतं का?" हा भाग 1956 पर्यंत मुंबई राज्यात, त्यामुळे असले कागद आमच्याकडे घरोघरी. पण हा प्रश्न तोवर कुणीच विचारला नव्हता. वकीलपत्र त्यांनाच दिलं.

निपाणी :
जुन्या वकिलांनी फी बाकी म्हणून फाईल अडवली. फीसाठी अशिलाचे कागद अडवता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टानं 2000 सालीच सांगितलंय. लेखी मागितली, मिळाली.

बेळगाव शहर :
माहेरच्या वडिलोपार्जित जमिनीतला माझा वाटा, मुलींना समान हक्क देणारी 2005 ची कायदादुरुस्ती होण्यापूर्वीच वडील वारले म्हणून नाकारला होता. भाऊबंद म्हणाले, सरकारी फुकटचा वकील काय लक्ष घालणार! पण 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज दिला. मिळालेले वकील प्रत्येक तारखेला हजर असायचे. अपील चालू असतानाच 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं मुलीचा हक्क जन्मानंच मानला, मग वडील 2005 ला हयात नसले तरी. तो निकाल त्यांनी स्वतःहून दाखल केला. बहिणींनो, 15100 वर फोन करून चौकशी तरी करा.

चिकोडी :
आम्ही दोन्ही कोर्टांत हरलो. दुसरं अपील हायकोर्टात कायद्याच्या महत्त्वाच्या मुद्द्यावरच चालतं. धारवाडच्या वकिलांनी सगळं वाचून सांगितलं, "काका, इथं तसा मुद्दा नाही. पैसे घालवू नका." वाईट वाटलं, पण पुतण्याच्या प्रकरणाला मी त्यांच्याकडंच गेलो. खानापूरच्या दादांना एक सांगतो : अपील दाखल झालं म्हणून वाटणीची अंमलबजावणी आपोआप थांबत नाही. स्टेचा अर्ज वेगळा द्यावा लागतो, तो अपिलासोबतच गेलाय का बघून घ्या.