नेत्याच्या नावाने व्याख्यानमाला आणि पुरस्कार सुरू करायचा आहे (खानापूर तालुका, जि. बेळगाव) – काय काय लागतं?

मलप्रभाकाठ (प्रश्न)

मंडळी, आमच्या गावातले एक जुने पुढारी, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेले, पुढे शाळा आणि सोसायटी उभी करणारे. त्यांच्या नावाने दरवर्षी एक जाहीर व्याख्यान आणि ‘नेतृत्व व राष्ट्रसेवा’ असा एक पुरस्कार सुरू करायचं गावात ठरतंय. घरची मंडळी ५ लाख देतो म्हणतात, बाकी वर्गणी. प्रश्न असे: पैसे कुठे आणि कसे ठेवायचे? पुरस्काराची रक्कम किती असावी? निवड कुणी करायची? आणि पहिल्याच वर्षी एखाद्या मंत्र्याला बोलवावं, असा काहींचा आग्रह आहे, ते बरं का? काम केलेल्यांनी सविस्तर लिहा.

---

हिशेबनीस

आधी पैशाचं बघा, बाकीचं त्यावरच ठरतं.

५ लाखांवर साडेसहा टक्के धरले तर वर्षाला ३२,५०० रुपये व्याज. कार्यक्रम एवढ्यातच बसवायचा, मुद्दलाला हात लावायचा नाही. पुरस्कार ११,०००, वक्त्याचं मानधन ५,०००. वक्ता पुण्याहून गाडीने आणला तर येऊन-जाऊन ७०० किलोमीटरच्या आसपास पडतं, म्हणजे १० हजार त्यातच गेले; कोल्हापूरचा वक्ता असेल तर तिसऱ्या हिश्श्यात भागतं. उरलेल्यात मंडप, ध्वनिक्षेपक, चहा, छपाई. तेव्हा २५ किंवा ५१ हजारांचा पुरस्कार जाहीर करण्याचा मोह आवरा. पहिल्या वर्षी मोठी रक्कम, दुसऱ्या वर्षी वर्गणी कमी, तिसऱ्या वर्षी ‘काही अपरिहार्य कारणास्तव’. आपल्या भागातले बरेच पुरस्कार याच वाटेने गेलेत.

संस्था नोंदवा. कर्नाटकात सोसायटी नोंदणीचा कायदा १९६० चा आहे, किमान ७ सभासद लागतात. उद्देशाच्या कलमात ‘व्याख्याने, पुरस्कार, प्रकाशन’ हे तिन्ही शब्द घाला, नाहीतर पुढे पुस्तिका छापताना लेखापरीक्षक बोट ठेवतो. मग पॅन, बँक खातं, आयकर खात्याकडे धर्मादाय नोंदणी आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी मान्यता). २,००० रुपयांवरची रोख देणगी ८०जीच्या सवलतीला धरत नाहीत, हे देणगीदाराला पावती फाडण्याआधी सांगा.

घरच्यांकडून ५ लाख घेताना एक पत्र घ्याच: ‘ही रक्कम कायम निधीसाठी, खर्च फक्त व्याजातून’. हे लेखी नसेल तर ती साधी देणगी ठरते. मग आयकराच्या हिशेबात ती त्या वर्षीचं उत्पन्न म्हणून येते आणि पुढची कार्यकारिणी ती खर्चून मोकळी होते.

ठेव कुठे ठेवायची यावरून गावात भांडण होईल, कारण प्रत्येकाची एक पतसंस्था असते. बँकेतल्या ठेवीला, त्यात नागरी सहकारी बँकाही आल्या, एका ठेवीदारामागे व्याजासकट ५ लाखांपर्यंत विमा आहे. क्रेडिट सोसायटीतल्या ठेवीला तो नाही. एक टक्का जादा व्याजासाठी स्मृतिनिधी सोसायटीत अडकवू नका. ५ लाखांवर व्याज चढलं की विम्याची मर्यादा ओलांडते, म्हणून रक्कम दोन बँकांत विभागून ठेवलेली बरी.

परदेशातल्या देणग्यांबद्दलही सांगतो, कारण खानापुरातली कितीतरी माणसं गोव्यामार्गे बाहेर गेली आहेत. दुबईत नोकरी करणारा, पण भारतीय पासपोर्ट असलेला माणूस आपल्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवतो, त्याला अडचण नाही. ज्याने पोर्तुगालचा पासपोर्ट घेतलाय त्याची देणगी मात्र विदेशी अंशदान ठरते. त्यासाठीची केंद्राची नोंदणी नसेल तर ती घेऊच नका, मग तो सख्खा पुतण्या का असेना.

---

वडगावची वाचक

हिशेबनीसकाकांनी पैशाचं सांगितलं, मी निवडीचं सांगते. पुरस्कार बदनाम होतो तो इथेच.

पहिला मानकरी कोण हे ठरवण्याआधी नियम कागदावर उतरवा. उलटं झालं की नियम त्या माणसाच्या मापाने शिवले जातात.

समिती ५ जणांची, त्यातले दोघे तालुक्याबाहेरचे, मुदत ३ वर्षं, पण सगळे एकदम बदलायचे नाहीत. देणगीदार कुटुंबातला एकजण बैठकीला बसू दे, मत देणार नाही. संस्थेचे पदाधिकारी, समितीतले लोक आणि त्यांचे जवळचे नातलग यांना पुरस्कार नाही. एखाद्या नावाशी सभासदाचं नातं निघालं तर त्याने त्या चर्चेपुरतं बाहेर जायचं आणि तसं इतिवृत्तात लिहायचं. आणि एक कलम नक्की ठेवा: ‘योग्य व्यक्ती न मिळाल्यास त्या वर्षी पुरस्कार दिला जाणार नाही.’ ते नसलं की दरवर्षी कुणाला तरी द्यावाच लागतो.

‘नेतृत्व व राष्ट्रसेवा’ हे फार मोघम आहे. यात पालकमंत्रीही बसतो आणि गल्लीतला गणपती मंडळाचा अध्यक्षही. निकष असा करा की तपासता येईल: ग्रामपंचायतीत निदान एक पूर्ण मुदत काम आणि त्या काळात उभी राहिलेली, आजही चालू असलेली एखादी गोष्ट, म्हणजे पाणी योजना, शाळेची इमारत, वाचनालय, दूध संस्था. ‘चालू असलेली’ हे महत्त्वाचं, कारण उद्घाटनाचे फोटो सगळ्यांकडे असतात. शिफारस अर्ज एका पानाचा, सोबत काम प्रत्यक्ष पाहिलेल्या दोघांची नावं. समितीतल्या एकाने त्या गावी जाऊन यायचं. फोनवर सगळे चांगलंच बोलतात.

राष्ट्रसेवेत माजी सैनिक येणारच, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात असल्यावर ते साहजिक आहे. सेवापुस्तिका आणि पदकाचा कागद बघूनच मानपत्रात हुद्दा लिहा. ‘सुभेदार’ आणि ‘मानद लेफ्टनंट’ यांतली चूक त्या घराला फार लागते. सेवेतला जवान किंवा सरकारी शिक्षक निवडला तर आधी त्याच्या खात्याची परवानगी. ती मिळवायला त्याला वेळ लागतो, म्हणून निदान दोन महिने आधी कळवा.

सत्तेवरच्या माणसाला पुरस्कार देऊ नये, असं माझं स्पष्ट मत. पद सोडून दोन वर्षं झाली की द्या. पदावर असताना दिलेला पुरस्कार लोक अर्जासोबत जोडलेल्या कागदासारखा वाचतात. शिवाय निवडणूक लागून आचारसंहिता आली की आमदार मानकरी असलेला कार्यक्रम पुढे ढकलावा लागतो.

दोन बारकावे. सन्मानचिन्हावर अशोकस्तंभाचे सिंह कोरायला कारागीर स्वतःहून सुचवतो, दिसायला भारदस्त दिसतं म्हणून. राजमुद्रेच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, खासगी संस्थेला ती वापरता येत नाही. आणि पाहुण्याच्या नावाआधी ‘पद्मश्री’ छापू नका. पद्म सन्मान हा किताब नाही, तो नावाच्या मागे-पुढे लावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलंय. ‘पद्मश्रीने सन्मानित’ अशी वेगळी ओळ चालते.

---

निपाणीचा श्रोता

ताईंचं सगळं पटलं, पण मी म्हणेन की पहिली तीन वर्षं पुरस्कार नकोच. नुसतं व्याख्यान करा आणि ते छापा.

व्याख्यान टिकतं. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली पुण्याची वसंत व्याख्यानमाला आजही लोकांच्या तोंडी आहे. बेळगावात बॅ. नाथ पैंच्या नावाने व्याख्यानमाला चालते, ती लोक वक्त्यांसाठी लक्षात ठेवतात, हारतुऱ्यांसाठी नाही.

विषय मात्र दिवंगत नेत्याच्या गुणगौरवाचा नको. त्यांच्यावर पाच मिनिटं बोला आणि पुढे जा. आपल्या मातीत विषयांना तोटा आहे का? एप्रिल १९१६ मध्ये टिळकांनी होमरूल लीग काढली ती बेळगावात. १९२४ चं काँग्रेस अधिवेशन इथलंच, गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव. त्याच्या व्यवस्थेमागचे गंगाधरराव देशपांडे हुदलीचे. १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात माडखोलकर अध्यक्ष होते आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथे झाला. नाथ पैंचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९६७ च्या गोलकनाथ निकालानंतर घटनादुरुस्तीचा संसदेचा अधिकार परत आणण्यासाठी त्यांनी मांडलेलं खासगी विधेयक. त्यावर कायद्याचा जाणकार वक्ता आणला तर तासभर कुणी हलणार नाही. ते १८ जानेवारी १९७१ ला बेळगावातच गेले, हे नव्या पिढीला ठाऊक नसतं.

आता कार्यक्रम कुठे फसतो ते. साडेपाचची वेळ, सुरुवात सव्वासहाला. व्यासपीठावर १४ खुर्च्या. प्रत्येकाचं स्वागत, प्रत्येकाचं मनोगत. मुख्य वक्त्याच्या हाती ध्वनिक्षेपक येतो तेव्हा आठ वाजलेले, आणि खेड्यावरची माणसं शेवटच्या बसच्या काळजीने चपला शोधायला लागलेली. म्हणून व्यासपीठावर ४ खुर्च्या: अध्यक्ष, वक्ता, संस्थेचा एक, मानकरी असेल तर तो. बाकी मान्यवर पहिल्या रांगेत, त्यांची नावं एकदाच वाचायची. प्रास्ताविक ५ मिनिटं, परिचय ३, व्याख्यान ५० ते ५५, प्रश्न चिठ्ठीवर लिहून १५ मिनिटं, अध्यक्ष १०, आभार २. चिठ्ठ्या का? तोंडी प्रश्न विचारायला सांगितलं की आपल्याकडे प्रश्नाऐवजी दुसरं व्याख्यान सुरू होतं. मंत्री बोलावला तर हे वेळापत्रक विसरा. ते येतील तेव्हा सुरू आणि जातील तेव्हा सभागृह निम्मं रिकामं. पहिल्या वर्षी तर नकोच.

तारीख जपून धरा. १ नोव्हेंबर (राज्योत्सव आणि काळा दिन) आणि १७ जानेवारी (सीमालढ्यातला हुतात्मा दिन) यांच्या आसपास पोलिसांचा वेगळाच बंदोबस्त असतो. सुवर्णसौधमधलं कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन बहुधा डिसेंबरात, तेव्हा बेळगावात लॉजची खोली मिळणं मुश्किल. जानेवारीपासूनचे रविवार कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावोगावच्या साहित्य संमेलनांनी भरलेले, श्रोते तेच आणि वक्तेही तेच. फेब्रुवारीअखेर किंवा सुगी उरकल्यावरचा एखादा शनिवार बरा.

भाषण ध्वनिमुद्रित करा, पण आधी वक्त्याचं दोन ओळींचं संमतीपत्र घ्या. जाहीर भाषणाचे हक्क बोलणाऱ्याचे असतात, आयोजकाचे नव्हे. ३२ पानांची पुस्तिका, ३०० प्रती पुरतात. १६ च्या पटीत पानं ठेवली की कागद वाया जात नाही.

---

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे आभार. पुरस्कार तिसऱ्या-चौथ्या वर्षी, हे घरच्यांना पटवावं लागेल, बघतो. आता फलक, परवानगी आणि कन्नडचं काय? दरवर्षी कुठे ना कुठे वाद होतो म्हणून विचारतोय. कार्यक्रम शाळेच्या पटांगणात की मंगल कार्यालयात, हेही ठरायचंय.

---

सीमेवरचा छापखाना

मंगल कार्यालयात घ्या. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनी उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, आणि दिवसाही लेखी परवानगी लागते. बंदिस्त सभागृहात आतल्या आत ऐकू जाण्यापुरती मोकळीक आहे. तरी पोलिस ठाण्यात अर्ज द्याच, १५ दिवस आधी, कन्नडमध्ये, सोबत कार्यालयमालकाचं पत्र, वक्त्यांची नावं, वेळ आणि अंदाजे माणसं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सहीची पोच घ्या. ऐनवेळी कुणी आक्षेप घेतला तर तीच उपयोगी पडते. वक्ता महाराष्ट्रातला राजकीय पुढारी असेल तर जमावबंदी किंवा प्रवेशबंदीचा आदेश निघू शकतो. प्राध्यापक, पत्रकार, निवृत्त न्यायाधीश असेल तर सहसा कुणी विचारत नाही.

संस्थेच्या कायम नामफलकावर ६० टक्के कन्नड, हा २०२४ च्या दुरुस्तीनंतरचा नियम, त्यात ट्रस्टही येतात. कार्यक्रमाचा फलक ही वेगळी बाब, पण वरच्या भागात कन्नड नाव मोठं घातलं की निम्मे वाद तिथेच मिटतात. खाली मराठी हवं तेवढं घ्या. निमंत्रणपत्रिका दोन्ही भाषांत, एक बाजू कन्नड, एक मराठी. गावात कन्नड शाळाही असेल, तिचे मुख्याध्यापक श्रोत्यांत हवेत. फ्लेक्स छापू नका. कर्नाटकात २०१६ पासून प्लास्टिकच्या फलकांवर बंदी आहे, कापडी फलक करा. रस्त्यावर लावायचा तर नगरपंचायतीची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी, नाहीतर सकाळी लावलेला दुपारी उतरतो.

मजकूर मात्र युनिकोडमध्येच द्या. कन्नड ‘नुडी’त आणि मराठी ‘श्रीलिपी’त टाइप करून एका फाइलीत चिकटवलं की ‘करणाऱ्या’मधला ऱ्या हमखास फुटतो आणि मानपत्रात तो मोठ्या अक्षरांत चौकोन होऊन बसतो. मानपत्र १५० शब्दांच्या वर नको, दोन मिनिटांत वाचून झालं पाहिजे. छापण्याआधी ते मानकऱ्याच्या घरी दाखवा. वडिलांचं नाव, गावाचं नाव, सालं त्यांनाच तपासू द्या आणि कागदावर सही घ्या.

हेस्कॉमची वीज संध्याकाळी जाते हे धरून चाला. ध्वनिक्षेपकवाल्याला बॅटरीवर चालणारा ॲम्प्लिफायर आणायला सांगा, जनरेटरची घरघर भाषणाला मारते. कर्णे बोलणाऱ्याच्या पुढे, सभागृहाकडे तोंड करून. मागे ठेवले की शिट्टी वाजते, मग तो आवाज कमी करतो आणि मागच्या चार रांगांना काही ऐकू येत नाही. पोडियमवर तारेचा माइक ठेवा, कॉर्डलेस फक्त चिठ्ठ्या वाचणाऱ्याकडे.

---

हिशेबनीस

एक राहिलंच. मंडप, गाडी, छपाई यातलं १० हजारांवरचं कुठलंही बिल रोखीने देऊ नका, चेक किंवा ऑनलाइन. आणि छपाईचं बिल संस्थेच्या नावाने घ्या, सेक्रेटरीच्या नावाने आलेलं लेखापरीक्षणात चालत नाही.