वजन घटवण्याची शस्त्रक्रिया: ‘शेवटचा उपाय’ म्हणत किती थांबायचे?

शाल्मली

गुडघे दुखतात म्हणून चालवत नाही आणि चालणे सुटले म्हणून वजन आणखी वाढते, या फेऱ्यात मी अकरा वर्षे काढली. शस्त्रक्रियेच्या वेळी माझी उंची १६० सेंटीमीटर आणि वजन ११८ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजन किती, हे सांगणारा आकडा) ४६ होता. जिना मी दोन्ही हातांनी कठडा धरून, अंग तिरके करून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढत असे, आणि बुटाची नाडी मुलगा बांधून देत असे. तीन वर्षांपूर्वी स्लीव्ह, म्हणजे जठर कापून लहान करण्याची शस्त्रक्रिया झाली. आता वजन ८१ किलो आहे. मध्ये ते ७७ पर्यंत उतरले होते, त्यातले चार किलो परत आले आहेत, हेही सांगायला हवे. दोन मजले मी न थांबता चढते आणि नाडी माझी मीच बांधते.

माझा आक्षेप ‘शेवटचा उपाय’ या शब्दांना आहे. नातेवाइकांपासून डॉक्टरांपर्यंत प्रत्येकाने मला तेच ऐकवले, आणि आपण वाट पाहत असलो तरी सांध्यांची झीज वाट पाहत नाही, हे कोणीच बोलले नाही. गुडघ्याच्या संधिवाताच्या रुग्णांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की शरीराचे वजन एक किलोने उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने उतरतो. माझ्या ३७ किलोंचा हिशेब केला तर तो पावलाला १४८ किलो होतो. झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरचे गुळगुळीत अस्तर, वजन उतरल्यावर भरून येत नाही. माझ्या उजव्या गुडघ्याची आलीही नाही.

राहता राहिली इच्छाशक्ती. आहार कमी करून वजन उतरवलेल्या लोकांच्या रक्तात वर्षभरानंतरही भूक वाढवणारे घ्रेलिन वाढलेले आणि पोट भरल्याची जाणीव देणारी संप्रेरके घटलेलीच राहतात, हे २०११ मध्ये दाखवले गेले आहे. मी तीन वेळा पंधरा-पंधरा किलो उतरवून पुन्हा कमावले, ते हट्ट कमी पडला म्हणून नव्हे. स्लीव्हमध्ये जठराचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग काढतात आणि घ्रेलिन मुख्यतः तयार करणारा वरचा फुगीर भागही त्यातच जातो, त्यामुळे भूकच बदलते. १९९१ च्या निकषांनुसार शस्त्रक्रियेसाठी बीएमआय ४० किंवा सहव्याधी, म्हणजे स्थूलतेसोबतचा दुसरा आजार, असल्यास ३५ लागत असे. २०२२ मध्ये जागतिक शल्यविशारद संघटनांनी ही मर्यादा सहव्याधी नसली तरी ३५ वर आणली, आणि मधुमेहासारखा चयापचयाचा आजार असल्यास ३० पासून विचार करावा असे म्हटले. मग आपण अजून ‘शेवटचा’ का म्हणतो?

अनिकेत_स

तुम्ही जिना चढू लागलात याचा मनापासून आनंद आहे. तरीही ‘लवकर करा’ हा सल्ला मला धोक्याचा वाटतो, आणि त्याला माझ्या मोठ्या बहिणीचा अनुभव कारण आहे. सहा वर्षांपूर्वी तिचा बायपास झाला; हृदयाचा नव्हे, जठराचा, ज्यात जठर लहान करून आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. पहिली दोन वर्षे सगळे उत्तम होते, म्हणून तिने गोळ्या सोडल्या; कोणी विचारणाराही उरला नव्हता. चौथ्या वर्षी तिला आंघोळ करून बाहेर आल्यावर खुर्चीवर टेकावे लागू लागले, आणि तपासणीत हिमोग्लोबिन ७.२ निघाले. लोह प्रामुख्याने लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषले जाते आणि बायपासमध्ये अन्न नेमके तोच भाग वगळून पुढे जाते, त्यामुळे लोह, बी-१२, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हा जन्मभराचा विषय होतो.

दुसरी गोष्ट थेट गुडघ्यांची आहे. बायपासनंतर आयब्युप्रोफेनच्या जातीतली वेदनाशामके टाळावी लागतात, कारण जठर आणि आतडे जिथे जोडलेले असते तिथे व्रण होण्याचा धोका वाढतो. म्हणजे गुडघ्यांसाठी शस्त्रक्रिया करून घेतलेल्या माणसाला गुडघ्यांचे नेहमीचे औषधच बंद होते. हे तिला शस्त्रक्रियेनंतर कळले. बायपासनंतर दारू लवकर आणि जास्त चढते आणि दुसऱ्या वर्षापासून व्यसनाचे प्रमाण वाढलेले आढळते, हेही आधी सांगितले जात नाही. तिशीतल्या माणसाने लवकर निर्णय घेतला तर पुढची पन्नास वर्षे त्याचे रक्त कोण तपासणार आहे?

मृण्मयी

एखादा अवयव कायमचा कापण्याची घाई आता कशासाठी? वजन घटवणारी इंजेक्शने आता आहेत: सेमाग्लुटाइडच्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरले, आणि टिरझेपाटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेवर ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के. २०२४ मध्ये स्थूलता आणि गुडघ्याचा संधिवात दोन्ही असलेल्या रुग्णांवर सेमाग्लुटाइडची चाचणी प्रसिद्ध झाली, तिच्यात औषधविरहित इंजेक्शन घेणाऱ्यांपेक्षा वेदना स्पष्टपणे जास्त घटल्या. इंजेक्शन सोसले नाही तर थांबवता येते. जठर परत बसवता येत नाही.

शाल्मली

मृण्मयी, थांबवता येते हे खरे, पण थांबवल्यावर काय होते तेही सेमाग्लुटाइडच्याच पुढच्या पाहणीत आहे: वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले. म्हणजे तोही जन्मभराचाच करार झाला. शस्त्रक्रियेच्या बाजूला स्वीडनमध्ये १९८७ मध्ये सुरू झालेला चार हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास आहे, ज्यात सरासरी सुमारे अकरा वर्षांनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांतील मृत्यूचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी आढळले. जोखीम मी नाकारत नाही. अमेरिकेतील अनेक केंद्रांच्या २००९ मधील अहवालात पहिल्या ३० दिवसांतील मृत्यू हजारी तीन होते, आणि त्या तिघांच्या घरच्यांना टक्केवारीने काही समाधान मिळत नाही.

अनिकेत, वेदनाशामकांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. स्लीव्हनंतर हे बंधन तितके कडक नसते, पण कोणती पद्धत निवडायची याच्या चर्चेत माझ्या दुखऱ्या गुडघ्याचा उल्लेखसुद्धा झाला नव्हता.

भौतिकोपचारक

मी अशा रुग्णांना रोज चालवते, म्हणून एका गोष्टीकडे लक्ष वेधते. वजन उतरणे आणि हालचाल परत येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतल्याच एका मोठ्या पाहणीत तीन वर्षांनंतर सुमारे ७० टक्के लोकांची शारीरिक कार्यक्षमता जाणवण्याइतकी सुधारलेली होती, पण वेदना तितक्या घटलेले लोक निम्मेच होते. पहिल्या काही महिन्यांत खाणे इतके कमी असते की चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जाणेही अनेकांना जड जाते.

माझ्याकडे आलेल्या एका बाईंचे वजन आठ महिन्यांत ४० किलोने उतरले होते. त्यांना हात छातीशी बांधून खुर्चीवरून उठायला सांगितले, तर त्या पुढे झुकल्या, टाचा उचलल्या गेल्या, मांड्या थरथरल्या आणि त्या परत बसल्या. नंतर म्हणाल्या, “मी हलकी झाले, मग पाय का उचलत नाहीत?” मांडीच्या पुढच्या स्नायूंना बळ देणारे व्यायाम त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. ते शस्त्रक्रियेच्या आधी, खुर्चीत बसल्या बसल्या सुरू करता येतात. त्यासाठी वजन उतरण्याची वाट पाहावी लागत नाही. इंजेक्शन घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

अनिकेत_स

हेच मला म्हणायचे होते. व्यायाम, रक्ततपासणी आणि आहारतज्ज्ञ यांची पाच वर्षांची सोय लेखी मिळत नसेल तर माणसाने टेबलावर चढू नये, मग बीएमआय कितीही असो. माझ्या बहिणीला आज पुन्हा निवड करायला सांगितली तर ती शस्त्रक्रियाच निवडेल, असे ती म्हणते. मी तरीही तिला थांबवीन.

शाल्मली

लेखी सोयीची अट मला मान्य आहे, आणि मी ती पुढे जिला-ज्याला सांगता येईल त्यांना सांगेन. थांबण्याबद्दल मात्र आपले एकमत होणार नाही. मला वाकून स्वतःची नाडी बांधता येईनाशी झाली त्या महिन्यात हा विषय माझ्यासमोर निघायला हवा होता, निर्णय काहीही झाला असता तरी. तो निघाला आठ वर्षांनी, आणि तोपर्यंत उजव्या गुडघ्याच्या एक्स-रेमध्ये दोन हाडांमधली फट दिसेनाशी झाली होती.