पंधरा वर्षांची व्होल्वो: ठेवावी की काढावी?

रविवार, १३ जुलै २०२५
स., रेडिंग

मंडळी, नमस्कार.

गणपतीच्या तयारीच्या मेल चालू असताना मध्येच घरचा विषय काढतोय, त्याबद्दल क्षमस्व. पण यात थोडा आपल्या मराठी मंडळाचाही संबंध आहे. गेली नऊ वर्षं आपले ढोल, मखराच्या फळ्या आणि मसालेभाताची दोन मोठी पातेली ज्या गाडीतून हॉलवर येतात, तिच्याबद्दलच विचारायचंय.

गाडी व्होल्वो व्ही७०, २०१० ची. २.४ लिटरचं पाच सिलिंडरचं डिझेल इंजिन, गिअर मॅन्युअल. २०१४ मध्ये घेतली तेव्हा ४८,००० मैल झाले होते, आज १,४२,००० आहेत. अकरा वर्षांत एकदाच तिनं दगा दिला, तोही घराच्या दारात, बॅटरी बसली म्हणून. लेक पाच वर्षांची होती तेव्हा मागच्या सीटमधून वर निघणारी ती लहान मुलांची गादी रोज सकाळी उघडायचो. गेल्या महिन्यात तिची जीसीएसई, म्हणजे इथली दहावी, संपली. गादी अजून तशीच निघते, आणि उचलली की खाली चुरमुरे सापडतात.

गेल्या आठवड्यात एमओटी, म्हणजे गाडीची दर वर्षीची सक्तीची तपासणी, झाली. पास झाली, पण ॲडव्हायझरीमध्ये, म्हणजे लवकर लक्ष द्या अशा सूचनांमध्ये, तीन गोष्टी आल्या. मागच्या ब्रेकच्या नळीवर गंज, पुढच्या उजव्या लोअर आर्मचं बुश (चाकाच्या दांड्याच्या सांध्यातलं रबर) झिजलेलं, आणि मागचे दोन्ही टायर संपत आलेले. शिवाय टायमिंग बेल्ट २०१६ मध्ये बदलला होता, म्हणजे त्याला नऊ वर्षं झाली. तो तुटला तर या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनच जातं, त्यामुळे तिथे चालढकल करता येत नाही. सगळ्याचे मिळून गॅरेजवाल्यानं १,१५० पौंड सांगितलेत. गाडी विकायला काढली तर फार तर दीड हजार येतील.

दुसरी गोष्ट युलेझ, म्हणजे लंडनमधली ती हद्द जिथे जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांना दिवसाचे पैसे भरावे लागतात. २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनचे सगळे बरो (विभाग) त्यात आले, त्यामुळे हीथ्रोही आलं. माझी गाडी युरो ५ डिझेल, म्हणजे धुराच्या जुन्या, सैल नियमांतली, त्यामुळे दिवसाला साडेबारा पौंड. दिवस मध्यरात्री ते मध्यरात्री मोजतात. मार्चमध्ये आई-बाबांचं विमान उशिरा आलं. मी रात्री साडेअकराला हद्दीत शिरलो, एक वाजता बाहेर पडलो, आणि पंचवीस पौंड भरले. पार्किंग वेगळं. हॅरोला मोठी बहीण राहते, तिच्याकडच्या फेऱ्या धरून वर्षाचे वीसेक दिवस तरी होतात.

बायकोचा मुद्दा पैशांचा नाही. ती म्हणते, रात्री एम४ मोटरवेवर आई-बाबा मागे बसलेले असताना गाडी बंद पडली तर काय करशील? मला यावर उत्तर देता आलेलं नाही.

आईचा गुडघा तुम्हाला माहीतच आहे. ती आधी पाठमोरी होऊन सीटवर टेकते, मग दोन्ही पाय एकेक करून हातानं उचलून आत घेते. या गाडीत ते तिला जमतं. तिची व्हीलचेअर डिकीत नुसती टेकवून सरकवली की जाते, कमरेच्या वर उचलावी लागत नाही. शोरूममध्ये दोन उंच एसयूव्ही पाहिल्या, त्यांत ती खुर्ची चढवताना माझीच पाठ धरली.

तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतं?

स.

---

सोमवार, १४ जुलै
का., मेडनहेड

चि. स., अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचून रात्रीच कागद-पेन्सिल घेऊन बसलो. घाईनं गाडी काढायची चूक मी एकदा केलीय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तू वर्षाला ९,००० मैल चालवतोस आणि गॅलनला ४२ मैलांचं ॲव्हरेज पडतं असं तू मला मागे म्हणाला होतास. म्हणजे साधारण ९७५ लिटर डिझेल, आजच्या १ पौंड ४२ पेनी भावानं १,३८५ पौंड. माझी कोरोला टूरिंग स्पोर्ट्स हायब्रिड ५५ चं देते. तेवढ्याच मैलांना ७४५ लिटर पेट्रोल लागेल, म्हणजे हजार पौंड. फरक ३८५. युलेझचे वीस दिवस म्हणजे २५०. रोड टॅक्स तुझा तीनशेच्या वर आहे, माझा १९५, तिथे धर १२०. एकूण वर्षाला ७५५ पौंड वाचतील.

आता दुसरी बाजू. चांगली सर्व्हिस झालेली चार-पाच वर्षांची कोरोला मला चौदा हजारांच्या खाली दिसली नाही. तुझ्या गाडीचे दीड हजार वजा केले तरी साडेबारा हजार घालायचे. ७५५ नं भागलंस तर साडेसोळा वर्षं लागतात. आणि चौदा हजारांची गाडी वर्षाला हजार-बाराशेनं तरी उतरते. त्याचं बिल कोणी हातात देत नाही, म्हणून तो खर्च आपल्याला दिसत नाही. १,१५० पौंडांचं बिल मात्र डोळ्यांत सलतं.

१,१५० ची तुलना तू गाडीच्या दीड हजार किमतीशी करतोयस, ती करू नकोस. तुला गाडी विकायचीच नसेल तर तिची बाजारातली किंमत तुझ्या काय कामाची? पुढचं एक वर्ष बिनघोर चालायला किती लागतील, आणि तेच वर्ष दुसऱ्या गाडीत काढायला किती लागतील, हे बघ.

माझी चूक ऐक. २०१८ मध्ये माझ्या जुन्या इस्टेटला, म्हणजे लांब डिकीच्या गाडीला, क्लच आणि फ्लायव्हीलचं तेराशेचं बिल आलं. मी चिडलो आणि त्याच आठवड्यात ती देऊन तीन वर्षांची दुसरी गाडी आणली. मैल कमी, रंग सुंदर. सात महिन्यांत तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स झटके द्यायला लागला, आणि विकणाऱ्यानं वॉरंटीच्या कागदात बोट घालून हात वर केले. जुन्या गाडीचा खडखडाट कुठून येतो ते मला डोळे मिटून कळायचं. नवीचं काहीच माहीत नव्हतं. दुसऱ्याची गाडी घेतली की त्याची दुखणीही सोबत येतात, आणि ती कळायला वर्ष जातं. पुढे दोन वर्षांनी कोरोला घेतली तेव्हा आधी सरकारी साइटवर नंबर टाकून तिचा एमओटीचा सगळा इतिहास वाचला. तो फुकट दिसतो. दर वर्षी किती मैल वाढले आणि तीच ॲडव्हायझरी पुन्हा पुन्हा येतेय का, हे त्यात लगेच कळतं.

एक काम कर. गॅरेजमध्ये गाडी रॅम्पवर चढवायला सांग आणि स्वतः खाली उभा राहा. गंज नळीपुरता आहे की मागच्या सबफ्रेमलाही (चाकांचा भार घेणाऱ्या खालच्या लोखंडी चौकटीलाही) लागलाय, ते पाहा. नळी शंभर-दीडशेत बदलता येते. सबफ्रेम कुजली असेल तर मात्र माझा सगळा हिशेब फाडून टाक आणि गाडी काढ.

आईला नमस्कार सांग.

का.

---

बुधवार, १६ जुलै
नि., स्लाऊ

दादा, मी तीन वर्षांपासून एमजी५ वापरतोय, इलेक्ट्रिक इस्टेट. माझं मत, काढा. रात्री घरी चार्जिंगला साडेसात पेनी युनिट पडतं, युलेझ नाही, टायमिंग बेल्ट नाही. उन्हाळ्यात २३० मैल जाते, जानेवारीत १७०.

पण खरं तेही सांगतो. हे घराला ड्राइव्हवे आहे म्हणून परवडतं. तुमच्या गल्लीत रस्त्यावर पार्किंग आहे, तिथून केबल नेता येणार नाही, आणि मोटरवेवरच्या चार्जरच्या भावात डिझेल बरं. सरकारनं याच आठवड्यात इलेक्ट्रिक गाड्यांवर ३,७५० पौंडांपर्यंत सूट जाहीर केलीय, पण ती ३७,००० पर्यंतच्या कोऱ्या गाड्यांवर आहे, सेकंडहँडला नाही. जुनी गाडी मोडीत काढायला लंडनवाल्यांना २,००० मिळायचे, ती योजना गेल्या सप्टेंबरमध्ये बंद झाली, आणि रेडिंगला ती लागूही नव्हती.

माझ्या डिकीत ढोल दोनच बसतात, हेही लक्षात असू द्या.

नि.

---

बुधवार, १६ जुलै, रात्री
ताई, ईलिंग

स.,

काकांचा हिशेब बरोबर आहे, पण त्यात एक रकाना राहिलाय, म्हणून लिहिते. मी छातीच्या विकारांच्या क्लिनिकमध्ये नर्स आहे हे तुला माहीत आहे.

२००६ ची पेट्रोल गाडी युलेझमध्ये चालते आणि तुझी २०१० ची डिझेल चालत नाही, हा अन्याय आहे असं मंडळात बरेच जण बोलतात. त्यामागे नायट्रोजन ऑक्साइड आहेत. युरो ४ पेट्रोलला किलोमीटरमागे ०.०८ ग्रॅमची मर्यादा आहे. युरो ६ डिझेललाही तीच. युरो ५ डिझेलला ०.१८ होती, म्हणजे दुपटीहून जास्त. तुझ्या गाडीतला फिल्टर काजळी धरतो, हा वायू धरत नाही.

लंडनच्या साउथ सर्क्युलर रस्त्याजवळ राहणारी एला अडू-किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी २०१३ मध्ये दम्याच्या झटक्यानं गेली. डिसेंबर २०२० मध्ये कॉरोनरनं (मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं) तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण लिहिलं. या देशात कुणाच्या मृत्यूच्या दाखल्यावर ते पहिल्यांदाच आलं. त्या दिवशी आमच्या क्लिनिकमध्ये कुणी फारसं बोललं नाही. नंतर जेव्हा जेव्हा एखादी आई मुलाचा इनहेलर घेऊन समोर बसते, तेव्हा मी पत्ता वाचते आणि कुठला रस्ता जवळ आहे ते बघते.

तू गाडी विकलीस तर ती दुसरं कुणी चालवेलच, हे मलाही कळतं. त्यामुळे विक असं माझं म्हणणं नाही. तिला लंडनमध्ये आणू नकोस, एवढंच सांगते. हॅरोला बहिणीकडे रेल्वेनं ये, पॅडिंग्टनहून बेकरलू लाइन घेता येते. आई-बाबा येतील तेव्हा मात्र गाडीच आण, साडेबारा पौंड भर, त्यात वाईट वाटून घेऊ नकोस. सत्तरीच्या माणसांना चार बॅगा घेऊन गाड्या बदलायला लावू नये.

आणि हे सगळ्यांसाठीच आहे. रविवारी मराठी शाळा सुटायच्या वेळी फाटकासमोर सहा-सात गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या असतात. मुलं त्या धुरांड्यांच्याच उंचीवरून चालत येतात. थंडीत हीटर हवा असतो हे मान्य, पण दहा मिनिटं बंद ठेवा.

ताई

---

गुरुवार, १७ जुलै
सामान समिती

स. दादा, दबाव आणायचा नाही, पण फक्त नियोजनासाठी विचारतो: ३० ऑगस्टला गाडी आहे असं धरू की व्हॅन भाड्यानं बघू? व्हॅन आत्ताच सांगावी लागेल.

---

रविवार, २० जुलै
स., रेडिंग

मंडळी,

सगळ्यांचे मनापासून आभार. काल काकांनी सांगितलं तसं रॅम्पखाली जाऊन उभा राहिलो. अकरा वर्षांत आपल्याच गाडीचं पोट मी पहिल्यांदा पाहिलं. गॅरेजवाल्यानं बॅटरीचा प्रकाश टाकून ब्रेकची नळी दाखवली. एक वीतभर तुकडा तपकिरी झालाय, नख लावलं की पापुद्रा निघतो, पण ओल नाही. मग त्यानं मोठा स्क्रूड्रायव्हर उलटा धरून सबफ्रेमवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकत नेला. सगळीकडे ठण्ण आवाज आला, कुठेही बद्द वाजलं नाही. त्यानं माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

काम करून घेतलं. बेल्ट आणि त्याबरोबर वॉटर पंप, नळी, बुश, दोन टायर. १,१३० झाले. जुना बेल्ट त्यानं हातात दिला. मी वाकवला तर पाठीवर बारीक चिरा दिसल्या, जुन्या रबरी चपलेला पडतात तशा. तो बेल्ट घरी आणून बायकोला दाखवला. ती म्हणाली, हा गेले सहा महिने आपल्याला हीथ्रोहून आणत होता? तिचा प्रश्न रास्त होता, हे मान्य केलं. आता आमचं असं ठरलंय की दर वर्षी एमओटीच्या महिनाभर आधी गाडी रॅम्पवर चढवायची, आणि ब्रेकडाउन कव्हर घरून उचलून नेणारं घ्यायचं. ते कालच घेतलं. सबफ्रेमवर बद्द वाजलं त्या वर्षी गाडी काढायची, तेव्हा मन मध्ये आणायचं नाही.

ताई, तुमची मेल लेकीला वाचायला दिली. तिनं कॅलेंडर काढून आमच्या लंडनच्या फेऱ्या मोजल्या. तेवीस निघाल्या. त्यातल्या सतरा रेल्वेनं जमण्यासारख्या आहेत, उरलेल्या सहा आई-बाबांच्या. फाटकासमोर इंजिन चालू ठेवणाऱ्यांत मीही असतो. आजपासून बंद.

नि., तुझं गल्लीबद्दलचं म्हणणं खरं आहे. कौन्सिल रस्त्यावर चार्जर बसवेल तेव्हा तुझी गाडी एक दिवस चालवायला दे.

सामान समिती, व्हॅन नको. ३० ला सकाळी सात वाजता गोडाऊनवर येतो, मागच्या सीट पाडून. चार ढोल आडवे बसतात, ताशे त्यांच्या मधल्या फटीत. पातेल्यांची झाकणं या वेळी दोरीनं बांधून द्या, गेल्या वर्षी घरापर्यंत वाजत होती. आणि पुढची सीट रिकामी ठेवा, आई हॉलवर माझ्याबरोबर येणार आहे.

स.