मदत हवी आहे: सीना नदीची वाळू खोल गाडली गेली तर तिच्यात तेल साठेल का?

नमस्कार मंडळी. सोलापुरात एम.एस्सी. जिऑलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे जिकडे बघावं तिकडे काळा बेसॉल्ट, त्यामुळे सेडिमेंटॉलॉजी (गाळाचा अभ्यास) पुस्तकातच. सेमिनारचा विषय आहे गाळाचा पोत आणि तेलसाठ्याची प्रत. उदाहरण गावचंच घ्यावं म्हणून सीनेकाठी गेलो.

वाळू उपसलेल्या एका खड्ड्याची भिंत आयती मिळाली. तळाला गोटे, त्यावर भरड वाळू, मग बारीक, सगळ्यात वर वीतभर चिकण गाळ. नदी वळणावर सरकत गेली की पडतो तो पॉइंट बार! गॅमा लॉगवर (विहिरीतल्या खडकांचा नैसर्गिक किरणोत्सर्ग खोलीप्रमाणे दाखवणारा आलेख) हाच क्रम घंटेच्या आकाराचा दिसतो, हे आजवर नुसतं पाठ होतं.

मग घरी एका डब्यात हरभरे, दुसऱ्यात मालदांडी ज्वारी भरून काठोकाठ पाणी ओतलं. दोन्हींत जवळपास सारखंच मावलं, म्हणजे सच्छिद्रता (एकूण जागेत फटींचा वाटा) दाण्याच्या लहान-मोठेपणावर नाही. दोन्ही धान्यं मिसळली तर मात्र पाणी कमी मावलं, हरभऱ्यांमधल्या फटी ज्वारीने बुजवल्या. (आईने धान्य नासवलं म्हणून ऐकवलं, ते वेगळं.) पाणी झिरपण्याचा वेग मात्र फटींच्या रुंदीवर, तिथे हरभरा पुढे.

या हिशेबाने खड्ड्यातली भरड वाळू उत्तम साठा ठरायला हवी. सर म्हणतात, "अजिबात नाही." कारण विचारलं तर "शोध" म्हणाले. कुणी सांगेल का?

प्रतिसाद १:
सर बरोबर आहेत. तू पोत पाहिलास, कण कशाचे आहेत ते पाहिलं नाहीस. सीनेची वाळू बेसॉल्टचा चुरा. खोलवर दाब आणि उष्णतेत हे कण चेपतात, कुजतात, त्यांची स्मेक्टाइट ही चिकण माती आणि झिओलाइट ही खनिजं होऊन फटी बुजतात. क्वार्ट्झ (गारेचं कठीण खनिज) टिकतो. गुजरातेतल्या खंबातच्या खोऱ्यात बघ: तळाला आपलाच डेक्कन ट्रॅप, म्हणजे बेसॉल्ट, त्यावर ट्रॅपच्याच भरडीची ओलपाड फॉर्मेशन (खडकांचा थर), वर तेल तयार करणारी कॅम्बे शेल (चिखलाचा खडक). १९६० मध्ये सापडलेल्या तिथल्याच अंकलेश्वर तेलक्षेत्राचं मुख्य तेल मात्र त्याच्याही वरच्या, त्रिभुज प्रदेशातल्या वाळूत. ओलपाडमध्ये काही ठिकाणी तेल आहे, पण प्रत बेभरवशाची. बॉम्बे हायचं उदाहरण इथे घुसडू नकोस, तिथला मुख्य साठा चुनखडकात आहे.

धागाकर्ता:
धन्यवाद दादा! पण वाळूत पांढरे कणही आहेत. ते क्वार्ट्झ असतील तर?

प्रतिसाद १:
ॲसिडचा थेंब टाक. चुना असेल तर फसफसेल, क्वार्ट्झ फसफसत नाही.

धागाकर्ता:
टाकला. बरेचसे फसफसले. कंकर (मातीतले चुन्याचे खडे) निघाला. म्हणजे हाच चुना विरघळून पुन्हा फटींत बसणार ना? सेमिनारचं शीर्षक बदलतोय.